एकोणीस ज्यूल

बाहेर सत्तेचाळीस. हमरियाच्या रस्त्यावर
डांबराला चप्पल चिकटते.
आत माझ्या टबात उणे सेहेचाळीस,
स्पिरिटमध्ये बुडालेले पोलादाचे तीन तुकडे,
करंगळीएवढे, चौकोनी,
प्रत्येकाच्या मधोमध दोन मिलिमीटरची खाच.

चिमट्याने उचलायचा, ऐरणीवर ठेवायचा,
पाच सेकंदांत लंबक सोडायचा.
सहावा उजाडला की खोलीची ऊब आत शिरते
आणि पोलाद खोटं बोलायला लागतं.

जोड रामसुमेरचा आहे.
तो वॉचमनच्या खुर्चीत बसलाय, हेल्मेट मांडीवर.
ठाण! झाला की मान वर करतो.
"टूटा क्या, मॅडम?"

तुटतातच रे सगळे.
तुटणं मोजत नाही आम्ही.
तुटण्याआधी किती घेतलं, ते मोजतो.

पहिला, एक्केचाळीस.
दुसरा, तेहेतीस.
दोन्हींची तोंडं राखाडी, तंतूतंतू झालेली,
उसाचं कांडं पिरगाळून मोडावं तशी.
म्हणजे आत घाई झाली नाही.
मनी एक्स्चेंजच्या रांगेत पुढचा एक निघून गेला
की रिकामी जागा एकेकाच्या पायांवरून
मागे मागे सरकत जाते,
तशी अणूंची एक ओळ सरकली, मग तिच्यामागची,
आणि घाव वाटेत वाटला गेला.
कुणीच एकट्याने घेतला नाही.
हातात धरला तर तुकडा
टबातल्यापेक्षा जरा कमी गार लागतो.
मार कुठे गेला विचारलं, तर तिथे गेला:
अब्जावधी जागच्या जागी थरथरण्यात.

तिसरा फुटला तेव्हा आवाजच वेगळा आला.
बारीक. कपबशीचा.
काटा एकोणीसवर.
मोडलेल्या तोंडावर साखरेसारखी चमक.
थंडीत ओळी गोठल्या असणार,
सरकायला कुणी तयार नाही,
मग एकाने सोडला हात, पुढच्याने सोडला,
आवाजापेक्षा थोड्याच कमी वेगाने
बातमी या कडेपासून त्या कडेला.

सरासरी एकतीस. लागतात सत्तावीस.
पण एकही वीसच्या खाली नको.

मुरुगवेल म्हणाला, डायलकडे डावीकडून बघ,
वीस दिसतील.
मी डावीकडून बघितलं. दिसले.
शिरोलीच्या फाउंड्रीत वडील घण मारायचे
आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, हे जाणार.
त्यांना कोणी डायल दिला नव्हता,
डावी बाजूही नव्हती.

मी समोर उभी राहून एकोणीस लिहिले.
अजून तीन तुकडे कापायचे, गुरुवारी पुन्हा.
गुरुवारी गेले तर गेले, नाहीतर
त्याच्या व्हिसाचं मला माहीत नाही,
मला विचारायचंही नव्हतं, तरी विचारलं.
"अठरा दिन," तो म्हणाला.

मग त्याने तिसऱ्याचे दोन अर्धे मागून घेतले.
वेल्डरची बोटं, जळक्या ठिपक्यांची.
खाच वर धरून, हळू फिरवत,
तोंडाला तोंड लावलं.
इतके नीट बसले की
रेघ शोधायला मला चष्मा चढवावा लागला.

"अब चिपकेगा नहीं?"

चिकटले असते, खरं तर.
जिथे हवाच नाही अशा जागी मोडून
लगेच टेकवले असते तर
कदाचित त्यांना कळलंही नसतं
कोणता अणू कोणत्या बाजूचा.
पण तुटल्या क्षणीच, पापणी लवायच्या आत,
दोन्हीकडच्या मोकळ्या हातांना
हवेतला प्राणवायू येऊन बिलगला.
आता ते भरलेले आहेत.

हे मी हिंदीत सांगू शकले नाही.
"हवा आ गया बीच में," एवढंच म्हणाले.

त्याने मान हलवली, जणू हे त्याला
खूप आधीपासून माहीत होतं,
आणि दोन्ही अर्धे, जोडलेलेच धरून,
बाहेरच्या सत्तेचाळीसमध्ये गेला.
दारापाशी ते सुटे झाले.
खिशात पडल्याचा आवाज
दोनदा आला.